नळीचं माप

आमच्या दवाखान्यात "चालेल" हा शब्द उच्चारायला बंदी होती. तशी पाटी मात्र कुठे लावलेली नव्हती. नारायण पेठेत पाट्यांना तोटा नसला तरी आमचे डॉक्टर ते काम स्वतःच्या तोंडाने करत. मी त्यांच्याकडे संध्याकाळची दंतवैद्य म्हणून लागले त्या पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना नवी कवळी बसवली. आजोबांनी जबडा उघडून मिटून पाहिला आणि म्हणाले, चालेल. आतल्या खोलीतून डॉक्टर बाहेर आले, आजोबांच्या तोंडातून कवळी काढून घेतली आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "चालायला आपल्याला देवाने पाय दिलेत. कवळीने चावायचं असतं. पुढच्या मंगळवारी या."

आजोबा पुढच्या मंगळवारी आले, त्याच्या पुढच्याही आले. मध्ये त्यांच्या नातवाचं लग्न झालं आणि ते त्यांनी बिनदातांनी, मठ्ठ्यावर साजरं केलं. सून तक्रार घेऊन आली तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं की लग्न नातवाचं होतं, तिथे आजोबांना काय चावायचं होतं. मला त्या म्हाताऱ्याची खरंच दया आली. पण कवळी शेवटी बसली तेव्हा आजोबांनी टेबलावरच्या बरणीतले भाजलेले चणे मूठभर खाल्ले आणि खाताखाता त्यांचे डोळे भरून आले, हेही मी पाहिलं.

ते चणे खाऊन दाखवल्याशिवाय कवळीवाला पेशंट पायरी उतरू शकत नसे. तो खात असताना डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत नसत, भुवयांकडे बघत. ते मला म्हणाले होते, "पेशंट दुखत नाही म्हणतो ना डॉक्टर, तेव्हा भुवया बघायच्या. तोंड माणसाच्या ताब्यात असतं, भुवया नसतात." ते मला डॉक्टर म्हणत आणि मी त्यांना. त्यामुळे नवे पेशंट जरा गोंधळत.

ढिलं काही त्यांना सोसायचं नाही. हॉटेलात टेबल डुगडुगलं की ते वेटरला न बोलवता स्वतः खाली बसून पायाखाली कागदाची घडी घालत, आणि मग ती घडी जास्त झाली म्हणून पुन्हा काढत. तोवर इडली गार. रिक्षाच्या दाराचा खुळखुळाट ऐकून त्यांना एकदा भर लक्ष्मी रोडवर उतरताना मी पाहिलंय. "बसतंय आणि बसलं यात फरक आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते यायचंच. कवळीबद्दल, पावसाळ्यात फुगलेल्या दाराबद्दल, एखाद्या मंत्र्याबद्दलसुद्धा.

अशा माणसाच्या घरात बंदूक आली.

ती काकूंच्या वडिलांची. काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. दवाखान्याच्या वरच त्यांचं घर होतं आणि दुपारचा चहा त्या स्वतः खाली घेऊन येत. त्यांचं माहेर भोरच्या पलीकडच्या एका गावातलं. शेतात रानडुकरं येत म्हणून वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. तोंडाकडून आधी दारू घालायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, तशी. काकूंना भाऊ नव्हता. वडील गेल्यावर वारसाहक्काने परवाना डॉक्टरांच्या नावावर झाला आणि गोळ्या पाडायच्या लोखंडी साच्यासकट ती बंदूक पुण्याला आली.

डॉक्टरांनी ती रविवार पेठेतल्या बंदूकवाल्या चाचांना दाखवली. चाचांच्या तीन पिढ्या त्याच दुकानात बसलेल्या. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, बोटाने वाजवली आणि सांगितलं की मागच्या बाजूला लोखंड झिजलंय, ही उडवू नका. मग परवानेवाल्या कारागिराकडून नवी नळी बनवून घेतली गेली. सुरेख झाली होती. फक्त एक घोटाळा झाला. जुन्या साच्यातली गोळी नव्या नळीत घातली की ती आत खुळखुळायची.

चाचा म्हणाले, त्यात काय, चिंधी जरा जाड घ्या, चालेल.

झालं. तो शब्द त्यांनी काढायला नको होता. डॉक्टर बंदूक उचलून सरळ दवाखान्यात आले आणि कवळीचं माप घ्यायचं मेण त्यांनी गरम पाण्यात टाकलं. नळीच्या तोंडातून ते मेण आत दाबून त्यांनी तिचा ठसा काढला, तो मला दाखवला आणि म्हणाले, "बघा डॉक्टर. प्रत्येक नळीचं माप वेगळं असतं. हिलाही आपल्या मापाचं काहीतरी मिळायला हवं की नको?" पुढे चाचांनी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "डॉक्टरसाब, बंदूक आहे, कवळी नाही." त्यावर डॉक्टर म्हणाले की फरक मला दाखवून द्या. चाचांनी हात जोडले.

तेव्हापासून संध्याकाळचे शेवटचे पेशंट गेले की डॉक्टरांचा दुसरा दवाखाना सुरू व्हायचा. शिसं वितळवायचं काम दवाखान्यात करू नका म्हणून मी भांडले, तर त्यांनी ते गच्चीवर हलवलं. प्लास्टरचे साचे करायचे, त्यात गोळी पाडायची, थंड झाली की बारीक कानशीने घासायची, नळीत सोडून बघायची, तोंड वाकडं करायचं आणि पुन्हा वितळवायची. गोळी केसभर मोठी झाली तर ठासताना अडके, केसभर लहान झाली तर तिच्याभोवती वारा जाई. चिंध्यांचंही तेच. धोतर, मांजरपाट, जुनं अंथरूण, सगळं झालं. अखेर काकूंच्या एका विटक्या सुती साडीचा पोत त्यांना पसंत पडला. काकू एवढंच म्हणाल्या की नेसत्या साडीला हात लावू नका म्हणजे मिळवली.

कोथरूडकडचा एक कंप्युटरवाला मुलगा अक्कलदाढेसाठी यायचा. बंदूक बघून त्याने मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ लावले. तिकडे हौशी लोक अशाच ठासणीच्या बंदुका खास बनवून घेतात, त्यात धूर न करणारी आधुनिक दारू वापरतात आणि गोळी तर नळीच्या मापाला केसाचाही हजारावा भाग चुकू नये अशी दाबून घेतात. "डॉक्टर, इट्स सो सॅटिस्फायिंग ना?" असं तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "यात समाधान कसलं? हे कर्तव्य आहे." तसली दारू आपल्या लोखंडाला झेपणार नाही हे त्यांना कळत होतं, तिच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. पण साता समुद्रापलीकडे कुणीतरी आपल्यासारखाच बसून गोळी घासतोय हे कळल्यावर त्यांना जो हुरूप आला, तो मला तेव्हाच धोक्याचा वाटला होता.

कारण ती बंदूक कशासाठी होती हे या सगळ्यात मागे पडत चाललं होतं.

काकूंनी मला ते एका दुपारी चहा ओतताना सांगितलं. त्यांच्या माहेरी दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की वडील बंदूक घेऊन परसातल्या शेताच्या बांधावर जायचे आणि समोरच्या डोंगराकडे तोंड करून एकच बार काढायचे. आई उंबऱ्यात कानांवर हात ठेवून उभी. बार झाला की सगळे गप्प व्हायचे, कारण जरा वेळाने डोंगरातून तोच आवाज परत यायचा, मोठा होऊन, लोळत लोळत. तो आला की वडील म्हणायचे, "आला." मग सोनं वाटायचं आणि जेवायला बसायचं. "मला बंदुकीचं काय करायचंय गं," काकू म्हणाल्या. "मला तो डोंगराचा आवाज एकदा ऐकायचाय. कान आहेत तोवर."

कान आहेत तोवर, हे त्या सहज म्हणाल्या, पण ते खरं होतं. त्यांना ऐकू येणं कमी होत चाललं होतं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नस सुकतेय, हळूहळू जाणार, मशीनने काही दिवस निभेल. मशीनसाठी कानात बसणारा साचा आमच्या डॉक्टरांनी स्वतः करून दिला. त्याला मात्र त्यांनी एक दिवसही जास्त लावला नाही. असा बसला की काकूंना कानात काही आहे हेच जाणवेना. पण साचा कितीही छान बसला तरी सुकलेल्या नसेला त्याचा काय उपयोग? समोरच्या माणसाचं बोलणं त्यांना डब्यातून आल्यासारखं ऐकू येई.

दरवर्षी दसऱ्याला बंदुकीला झेंडूचा हार घातला जाई, आपट्याची पानं ठेवली जात. काकू नवऱ्याकडे बघून विचारत, "यंदा?" डॉक्टर मान हलवत. "पुढच्या वर्षी. अजून बसत नाही." मी एकदा न राहवून म्हटलं, डॉक्टर, आवाजच ऐकायचाय ना त्यांना, गोळी ढिली असली म्हणून आवाज थोडाच कमी होणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पेशंटच्या तोंडात दुसऱ्याची कवळी घातली. "सासऱ्यांची बंदूक आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "ती उडेल तेव्हा नीटच उडेल." त्यांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. होतं, आणि त्यांच्या पद्धतीने ते सगळं त्या गोळीत चाललं होतं. पण मला त्यांचा राग येई, आणि ते जाऊन वर्ष उलटून गेलं तरी थोडा अजूनही येतो.

मग एका श्रावणात गोळी बसली. मी तोवर वारज्याला स्वतःचा दवाखाना थाटला होता. डॉक्टरांचा फोन आला, ताबडतोब या. गेले तर ते बंदूक उभी धरून बसले होते. नळीच्या तोंडावर साडीची चिंधी, तिच्यावर गोळी. "अंगठ्याने दाबा," म्हणाले. मी दाबली. ती अडली नाही, घसरलीही नाही. सावकाश, एकसारखी खाली गेली आणि आतली हवा हलकेच सुस्कारली. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण नीट बसलेली कवळी बोटांना कळते, तसं ते कळलं. डॉक्टरांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. काकूंना त्यांनी मोठ्याने सांगितलं, "बसली. या दसऱ्याला जायचं." काकूंनी लगेच कपाटातून प्रवासाची पिशवी काढली, दसऱ्याला दीड महिना होता तरी.

आठवडाभरात निवडणूक जाहीर झाली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. दसऱ्याच्या आधी परत मिळणं शक्य नव्हतं. नोटीस हातात पडली तेव्हा मुदत जवळजवळ संपलीच होती. डॉक्टरांना एकच काळजी, ठाण्यातल्या कोठीत ओल असेल आणि नळीला आतून गंज धरेल. म्हणून त्यांनी तिच्या तोंडाला बूच केलं. कवळीच्या हिरडीसाठी वापरतात त्या गुलाबी पदार्थाचं, नळीच्या ठशावरून घडवलेलं, हवासुद्धा आत जाणार नाही असं. नळीत मापाच्या मेणाचे कण राहू नयेत म्हणून त्यांनी ती आधी उकळत्या पाण्याने धुतली, गजाला चिंधी बांधून पुसली, घाईघाईने बूच बसवलं आणि बंदूक देऊन आले. जमादाराने बूच ओढून पाहिलं, ते काही निघेना. घरी आल्यावर डॉक्टरांनी ही हकिकत दोन वेळा सांगितली, इतके खूश होते.

एक निवडणूक संपते तोवर दुसरी लागली. बंदूक परत आली तेव्हा पुढचा पावसाळा तोंडावर आला होता. योगायोगाने मी त्या दिवशी तिथेच होते. डॉक्टरांनी बूच फिरवत फिरवत काढलं आणि आतून कुबट वास आला. त्यांनी मेण गरम केलं, ठसा घेतला. पूर्वी काचेसारखा गुळगुळीत निघणारा ठसा आता देवीच्या व्रणांसारखा खडबडीत निघाला. गोळी नळीत सोडली तर ती अर्ध्यातच अडकली, बंदूक उलटी करून आपटली तेव्हा बाहेर आली.

पहिल्यांदा त्यांनी कोठीतल्या ओलीला दोष दिला. मग आम्ही चाचांकडे गेलो. चाचा आता फार थकले होते, पण डोळे शाबूत होते. त्यांच्या दुकानात त्याच ठाण्यातून परत आलेल्या आणखी बंदुका तेलपाण्याला आल्या होत्या आणि त्या धडधाकट होत्या. त्यांच्या तोंडांना बूच वगैरे काही नव्हतं, लोकांनी नुसती तेलाची चिंधी कोंबली होती. चाचांनी ते गुलाबी बूच हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ओल बाहेरून नाही आली, डॉक्टरसाब. तुमच्या धुण्याचं पाणी आत होतं. चिंधी असती तर सुकून गेलं असतं." चाचांनी एवढंच पुढे सांगितलं की या नळीतून गोळी आता उडवायची नाही. आवाज काढायचाच असेल तर थोडी दारू, वर चिंधी, बस.

दुसऱ्या कुणाचं काम इथे संपलं असतं. डॉक्टरांनी मात्र घरी येऊन कागद घेतला आणि नव्या नळीचा विचार सुरू केला. नवी नळी, म्हणजे नवं माप, म्हणजे नवी गोळी. मी आणि काकू स्वयंपाकघरात होतो. ओट्यावर कुकर होता. त्याची शिटी झाली, अशी कर्कश की मी दचकले. काकू कुकरला पाठ करून, हातभर अंतरावर कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. दुसरी शिटी झाली, तिसरी झाली, काकू निवडतच होत्या. मी पुढे होऊन गॅस बंद केला आणि वळले तर डॉक्टर दारात उभे होते. काकूंच्या पाठीकडे बघत ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी तो कागद फाडला.

त्या दसऱ्याला आम्ही गेलो. वारज्याहून मी गाडी काढली, पेठेत जाऊन त्या दोघांना आणि चाचांना घेतलं. गावच्या पोलीस पाटलांना डॉक्टरांनी आधीच कळवून ठेवलं होतं. काकूंच्या माहेरच्या घरात आता त्यांचे चुलतभाऊ राहतात, त्यांनी शस्त्रपूजेची तयारी करून ठेवली होती. बांध तोच होता आणि समोर डोंगरही तसाच, गवताने भरलेला. काकूंनी नवी साडी नेसली होती. बांधावर आल्यावर त्यांनी कानातलं मशीन काढून रुमालात बांधलं. "आज हे नको," म्हणाल्या. "मोठा आवाज असतो, मशीन नुसतं किंचाळेल."

चाचांनी थोडी दारू घातली. वर चिंधी ठासली, काकूंच्या त्याच साडीची. गोळी नव्हती. ती डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशात होती, खिसा खाली ओढला गेला होता म्हणून मला कळलं. इतकी वर्षं गोळी बसवणाऱ्या माणसाने बंदूक खांद्याला लावली ती गोळीशिवाय. काकू त्यांच्या शेजारी, डोंगराकडे डोळे लावून उभ्या होत्या. चुलतभावाच्या बायकोने कानांवर हात ठेवले.

बार झाला. पांढरा धूर काकूंच्या अंगावरून गेला. धूर पाहिल्याबरोबर त्यांनी हात जोडले आणि लहान मुलीसारख्या हसून म्हणाल्या, "आला. आला बरं का."

डोंगर अजून गप्प होता. मग त्यांचे शब्द संपल्यावर, पलीकडच्या कड्यातून तो आवाज निघाला आणि मोठा होत, लोळत लोळत आमच्यापर्यंत आला. चाचांनी मान वर केली. काकू तोवर डोंगराला पाठ करून, फराळाच्या डब्याची पिशवी शोधत होत्या.

डॉक्टर डोंगराकडे बघत नव्हते. ते बायकोच्या भुवयांकडे बघत होते. आवाज पार विरेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही. मग बंदूक खाली घेतली आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "ढिली बसली असती तरी चाललं असतं."

काकूंना त्यांचे ओठ हललेले दिसले. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हणाले, "डबा उघड म्हटलं, डबा."